ओलं फडकं

१६ ऑगस्ट १९८२, लातूर

काल लातूर जिल्हा झाला. पताका, बँड, शाळेच्या पोरांच्या रांगा आणि भाषणं. तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही ‘नव्या पर्वाची पहाट’ उगवल्याचं सांगितलं. माझ्यातल्या मुद्रितशोधकाला वाटलं, दोन पहाटा खोडून टाकाव्यात. ऑगस्ट अर्धा सरला तरी आभाळात काही नाही. त्याबद्दल मात्र एकही वक्ता बोलला नाही.

वही नवी आहे, म्हणून एकदा स्वतःची ओळख स्वतःलाच करून देतो. रामकिशन सोनकांबळे, वय अडतीस, एम. ए. मराठी. पोटासाठी शिकवण्या घेतो, छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि लोकांचे प्रबंध वाचण्यासारखे करून देतो. लोक डॉक्टर होतात, मी सोनकांबळेच राहतो. नांदेडला दहा वर्षं हेच केलं. नवा जिल्हा म्हणजे नवी कॉलेजं, म्हणून मायला घेऊन इकडे आलो. मायला हिमायतनगरकडचं गाव सोडवत नव्हतं. येताना तिने फक्त तवा घेतला.

आज प्राचार्य गुरुपादप्पा बिराजदारांनी बोलावलं. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला मोठा जिल्हाग्रंथ काढायचा आहे आणि ते त्याचे मुख्य संपादक. जात्यावरच्या ओव्यांचा भाग मी करायचा. म्हणाले, “अहो सोनकांबळे, भाग चांगला झाला तर पुढच्या वर्षी आमच्याकडे पूर्णवेळ जागा निघते आहे. शब्द देत नाही, पण ध्यानात ठेवतो.” शब्द न देता ध्यानात ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तरी घरी येताना पाय हलके पडत होते, हे खोटं कशाला लिहू.

२ डिसेंबर

औसा तालुक्यातली गावं पालथी घातली. गावोगाव पिठाची गिरणी आली आहे. जातं विचारलं की बाया हसतात. एकीच्या जात्यावर कोंबडी खुडूक बसली होती. कुणी दोन ओळी म्हणतात, तिसरीला पदर तोंडाला लावतात. त्यातून हे वर्ष असं. खरीप गेलं, रब्बीची ज्वारी वीतभर वाढून थांबली, आणि अशा वेळी मी लोकांना गाणी मागत हिंडतो आहे.

आज मात्र सापडली. किल्लारीच्या अलीकडे जीप सोडून तासभर चाललं की काळेवाडी नावाची वस्ती लागते. तिथली धुरपताबाई माने. एकेकाळचं मोठं घर, लांबलचक ओसरी, गोठा रिकामा. जनावरं विकली म्हणे. मुलगा कामासाठी हैदराबादकडे गेला तो गेलाच. सून सिंधु दोन लेकरं घेऊन पाझर तलावावर खडी फोडते, तिथेच राहते, आठवड्याने येते. घरात म्हातारी एकटी. सत्तरीची असेल, पण पाठ ताठ. ओसरीच्या कोपऱ्यात जातं, आणि जातं स्वच्छ!

“आजी, ओव्या म्हणाल का?”

“दळान असल्याबिगर ववी कशी येईल, बाबा? जात्यावर बसलं की ववी सुचते.”

“मग नुसतंच फिरवा की थोडं.”

तिने जात्यावर हात ठेवला, जणू मी ते ओढून नेणार होतो. “रिकामं जातं फिरवू न्हाई. घरातलं मानूस जातंय.”

मी म्हणालो, दळण मी आणतो, माझ्या घरची ज्वारी. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, “कुनाचा रं तू?” मी नाव-आडनाव सांगितलं. तिला कळलं. आमचं आडनाव सांगितलं की समोरच्याला सगळं कळतं, पुढे काही सांगावं लागत नाही. शेवटी म्हणाली, “आन.”

चहा विचारला नाही. पाणीही मी मागितल्यावर दिलं, तेही अर्धा तांब्या. शेजारच्या घरी चहा मिळाला होता. नोंद करून ठेवतो, बाकी काही नाही.

१० जानेवारी १९८३

पहिलं दळण झालं. मायने काल ज्वारी निवडून दिली, पिशवीभर. कॉलेजचा टेपरेकॉर्डर खांद्यावर, पिशवी हातात, असा मी काळेवाडीत शिरलो तर कुत्री मागे लागली.

पण काय गायली म्हातारी! एका हाताने खुंटा, एका हाताने दाण्यांची वैरण घालणं, आणि आवाज जात्याच्या घरघरीच्या वरून चालणारा. अशी एक:

दगडाच्या जात्या, तुला मूठमूठ मी घालिते
तुझ्या घासापायी माझा घास मी इसरते

मी डोळे मिटून ऐकत होतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं सरळ करण्यात घालवली. हे वाक्य सरळ करायची गरजच नव्हती. वहीत टीप लिहिली: ‘मातृत्वाचं प्रतीक म्हणून जातं. स्वतःचा घास विसरणारी आई.’

दळण झाल्यावर तिने पीठ माझ्या पिशवीत भरलं, सूप झटकून, कणही न ठेवता. मी टेपरेकॉर्डर बांधत होतो. सहज मागे वळून पाहिलं. म्हातारीने जात्याचा वरचा दगड कलता केला होता आणि वाटीत पाणी घेऊन ओल्या फडक्याने आतून जातं पुसत होती. कानाकोपरे, खाचा, सगळं. फडकं वाटीत पिळायची, पुन्हा पुसायची. मी पाहतोय हे दिसताच तिने पदर पुढे ओढला आणि वाटी मागे सारली.

आठ वर्षांचा असताना शाळेतल्या माठाला माझा हात लागला होता. मास्तरांच्या बायकोने माठ तीनदा धुतला आणि पाणी वाटेवर फेकलं. माझ्या पायावर शिंतोडे आले होते. आज शिंतोडे आले नाहीत, एवढीच सुधारणा.

पण ओव्या मला हव्या आहेत. पुढच्या दळणाचा दिवस ठरवून निघालो.

११ जानेवारी

मायने त्या पिठाची भाकरी केली. म्हणाली, “जात्याचं पीठ हाय, बग कसं फुगतंय. दळनावळ दिलीस का त्या बाईला?”

मी समजावलं. संशोधनात माहिती देणाऱ्याला काही द्यायचं नसतं. एकदा पैसा-धान्य दिलं की माणूस आपल्याला हवं तेच गातो, खरं गात नाही. ही शिस्त आहे.

“तुझ्या पुस्तकात काय असंल ते असू दे,” माय म्हणाली. “दळनाऱ्या बाईला मूठभर मिळतंच. आपुन दळायचो तवा आपल्यालाबी मिळायचं.”

फडक्याचं तिला सांगितलं नाही. तिने असं पुष्कळ पाहिलंय, आणखी एकाने काय व्हायचं.

१७ फेब्रुवारी

चौथं दळण. तीन कॅसेटी भरल्या. गुरुपादप्पा सरांना ऐकवल्या, ते खूष. “जागेचं माझ्या ध्यानात आहे,” म्हणाले. ध्यान अजून शाबूत आहे तर.

धुरपताबाई आता फार सावकाश दळते. मूठ घालते, दोन फेरे, थांबते. सेल फुकट जातात. दळणही जाडंभरडं येतं आणि पीठ थोडं कमीच भरतं. मायला म्हटलं तर ती म्हणाली, “जात्यात ऱ्हातंय थोडं. ऱ्हाऊ दे.”

दुपारी ओसरीवर मी भाकरी सोडली. तिनेच दळलेल्या पिठाची, मायच्या हातची, वर ठेचा. अर्धी तिच्यापुढे केली. तिची नजर भाकरीवर थांबली. मग तिने तोंड फिरवलं.

“मी आत्ताच जेवले, लेकरा.”

चुलीत राख थंड होती, ते मला दिसत होतं. खोटं बोलायचं तर जरा बरं बोलावं. तिच्या घरी माझी ज्वारी चालते, कारण ज्वारी कोरडी. भाकरीला पाणी लागलेलं. हा हिशोब आम्हाला बाळगुटीबरोबर शिकवलेला आहे. अर्धी भाकरी परत बांधली आणि एसटीत खाल्ली.

निघताना पुन्हा ते फडकं, ती वाटी.

२० मार्च

उन्हं चढली. लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. माय रात्रीच घागरी रांगेत लावून येते.

काळेवाडीला गेलो तर म्हातारी दारातच उभी. “लई दिसांनी आलास. पुन्ना कवा येनार?” मी बसलोही नव्हतो. आता हे दर वेळी विचारते. जन्मभर कुणी ऐकलं नाही, आता ऐकणारा मिळाला की माणसाला गोडी लागते. मला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतं याचा रागही आला.

गप्पा मारताना म्हणाली, “या घरातून सुपानं दानं गेलं, बाबा. तुझ्या लोकाला, कुंभाराला, लव्हाराला. मागून कदी आनलं न्हाई. म्या तर न्हाईच आननार.” ‘तुझ्या लोकाला’ हे शब्द टेपवर आहेत. आजची एक ओवी:

पाव्हन्याची जवारी, दाना मोत्यावानी
जात्यापोटी ऱ्हायलं, तेवढंच माझं मानी

सुंदर आहे. टीप: ‘गायिकेचं जात्याशी एकरूप होणं. पाहुणा म्हणजे संसारात येऊन जाणारं सुख.’ आवाज मात्र खोल गेलाय. सूर ओळीच्या मध्येच तुटतो. तिला म्हटलं, आजी, जरा दमदार म्हणा, टेपवर येत नाही. तिने मान हलवली आणि खुंट्याला दोन्ही हात लावले.

९ एप्रिल

आज बोललो. बरं झालं की वाईट, माहीत नाही.

दळण झालं, पीठ भरलं, तिने वरचा दगड कलता करायला घेतला. तिला तो कलत नव्हता. एकदा सुटला आणि दाणकन बसला. तेवढी धाप लागलेली असतानाही हिला जातं धुवायचंच आहे, हे पाहून माझं डोकं फिरलं. टेप चालूच होता.

“आजी, आमच्या ज्वारीने जातं बाटतं का?”

तिने वर पाहिलं. काही समजलंच नाही अशी.

“दर वेळी पाहतोय मी. माझी पाठ फिरली की फडकं घेऊन बसता. आमचं नाव लागलेलं पीठ धुऊन काढता. सरळ सांगायचं होतं, नको येऊस म्हणून.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाटीकडे. तिने वाटी पदराखाली घेतली. मी उत्तर घेतल्याशिवाय हलणार नव्हतो. शेवटी अगदी हळू म्हणाली:

“हाव, बाबा. जुनी मानसं आमी. रीत हाय.”

एवढंच. रागावली नाही, लाजली नाही, सारवासारव केली नाही. मी पिशवी उचलली आणि निघालो. पाठीमागून म्हणाली, “पुन्ना येशील ना रं?” कमाल आहे माणसांची.

पांदीतून चालताना मला रडू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. एम. ए. झालो, चार ग्रंथ संपादित केले, आणि अजून तो माठ माझ्या अंगावर सांडतोच आहे.

२५ एप्रिल

दोन आठवडे एका बैठकीत बसल्यासारखा लिहीत होतो. नुसत्या ओव्यांचा संग्रह आता राहिला नाही, शेवटचं प्रकरण वेगळंच झालं: ‘जातं आणि विटाळ’. धुरपताबाईचं नाव, गाव, ओल्या फडक्याचं सगळं वर्णन, आणि तिचा कबुलीजबाब जसाच्या तसा. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात धारदार गद्य आहे.

सर वाचून उठून उभे राहिले. “सोनकांबळे, हे पुण्यातसुद्धा गाजेल हो! आणि पुरावा टेपवर! कुणाची बिशाद आहे नाही म्हणायची?” जागा आता नुसती ध्यानात नाही, जूनमध्ये मुलाखत आहे.

मायने विचारलं, “या खेपेला दळान न्यायचं न्हाई का काळेवाडीला?”

“ओव्या पुरे झाल्या. गिरणीतून आण.”

तिने गिरणीतून आणलं. भाकरी थापताना म्हणाली, भाजल्यावानी वास येतोय. मला काही आला नाही.

१४ मे

किल्लारीचा जीपवाला स्टँडवर भेटला. निरोप होता: “म्हातारी इचारून ऱ्हायली, मास्तर दळान घेऊन कवा येतो.” म्हणजे पुन्हा जायचं, पुन्हा दळायचं, पुन्हा धुऊन घ्यायचं! मी काही उत्तर पाठवलं नाही. जीपवाला म्हणाला, “लई वाळली बगा.” या उन्हाळ्यात कोण वाळलं नाही?

१८ जून

मुलाखत झाली. जागा मिळाल्यात जमा आहे. छापखान्यातून माझ्या भागाचे छापील फर्मे आले. शाईचा वास अजून जात नाही.

संध्याकाळी मायला म्हटलं, बस, वाचून दाखवतो. ती कधी माझं लिहिलेलं ऐकत नाही. मीच वाचून दाखवत नाही म्हणा. आज तिला ऐकवावंसं वाटलं. हा आपल्या सगळ्यांचा निवाडा आहे, तिचाही. ती लसूण सोलत ऐकत होती. फडक्याचं वर्णन आलं तिथे हात थांबले.

“जात्याला पानी लावत व्हती?”

“हो. आतून. दर वेळी.”

“जात्याला पानी कोन लावतंय? पुढलं पीठ चिकटून बसतंय की. कुंच्यानं झाडतेत.”

“तेच तर. म्हणूनच विटाळ.”

“आन् ते पानी? फेकून देत व्हती?”

“नाही. वाटीत पिळायची.”

माय माझ्याकडे बघायला लागली. लहानपणी ताप आल्यावर बघायची तशी.

“रामा, इटाळाचं पानी लांब फेकतेत. वाटीत कोन धरतंय?”

मी फर्म्यावरच्या त्या ओळी पुन्हा पाहिल्या.

“तू रांगत व्हतास,” माय म्हणाली. “तवाबी असंच साल. म्या पाटलाच्या वाड्यावर दळायला जायचे. त्या साली पाटलीन मूठ देईना. मंग म्या जातं पुसून घ्यायचे, ओल्या फडक्यानं. ते वाटीत पिळायचं आन् चुलीवर ठिवायचं. पांढरं पानी. जरा घट्ट व्हतंय. तुला त्याच्यावरच जगीवलंय.”

तिने लसणाची परात बाजूला ठेवली.

“भुकेली व्हती रं ती बाई. आन् तू पीठ भरून आनत व्हतास. आन् म्या खात व्हते.”

फर्मे माझ्या मांडीवर होते. मी म्हणालो, पण ती स्वतः कबूल झाली, माय, टेपवर आहे, रीत आहे म्हणाली.

“मंग काय म्हनंल? मान्याची बाई, तुझ्यापुढं उपाशी हाय म्हनंल?”

२० जून

मायने बांधून दिलेलं ज्वारीचं लहानसं पोतं घेऊन काळेवाडीला गेलो. पेरण्या चालल्यात. रानात माणसं आहेत, बैल मात्र दिसले नाहीत. वाटेत मी तिला काय म्हणायचं ते जुळवत होतो. दर वेळी वाक्य खोडत होतो.

दारात सून. सिंधुला मी पहिल्यांदाच पाहत होतो. खडीने फुटलेले हात, तिशीची. ओसरीवर जातं तिथेच, पालथ्या सुपाने झाकलेलं.

“मास्तर न्हवं तुमी? दळानवाले?” ती लगबगीने उठली. घोंगडी टाकली. “आत्याबाई गेल्या. वैशाख सरता सरता. म्या खडीवर व्हते.”

मी बसलो. पोतं पायाशी होतं.

“लई नाव काढायच्या तुमचं,” ती म्हणाली. “म्या आठवड्याला यायचे. म्हनायचे, आत्याबाई, जवारी ठिवून जाते थोडी. तर हात लावू द्यायच्या न्हाईत. ‘लेकरांला ने. मास्तर दळान आनतोय, चांगली सूपभर दळनावळ ठिवून जातोय. माझ्या एकलीला लई होतंय.’ तुमच्या त्या दळनावळीवर त्यांचा हिवाळा-उन्हाळा निघाला, मास्तर. माझी दोन लेकरं वाचली. आमी इसरनार न्हाई.”

तिने माझ्या पायाला हात लावला. माने घराण्याच्या सुनेने. मी पाय मागे घेऊ शकलो नाही.

“शेवटाला तुमी आलाच न्हाईत. रोज सकाळी जातं पुसून बसायच्या. बिमार व्हता का?”

“हो,” मी म्हणालो.

तिने चहा केला. गुळाचा, कोरा. कप माझ्या हातात दिला, सहज, कुठलाही हिशोब न करता. मी चहा प्यालो. पोतं तिथेच ठेवून आलो. ती नको म्हणत होती, मी म्हणालो, राहिलेली दळणावळ आहे. एवढं एकच खरं वाक्य मी तिथे बोललो आणि त्याचाही खरा अर्थ तिला कळला नाही.

२४ जून

सरांकडे गेलो. म्हणालो, शेवटचं प्रकरण काढून टाका, ते चुकीचं आहे. सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं.

“हे तुमच्या मातोश्रींचं अनुमान झालं. टेपवर बाईंचा शब्द आहे. अभ्यासक शब्दाला धरून चालतो. तुम्हीच शिकवता ना मुलांना?” मग चष्मा काढून म्हणाले, “फर्मे छापून झालेत. कागदाचा खर्च कोण सोसणार? आणि त्याच प्रकरणावर समितीने तुमचं नाव पक्कं केलंय. आत्ता तुम्हीच ते चूक म्हणालात, तर मी काय सांगू त्यांना?”

मी आणखी जोर लावला असता, तर कदाचित. लावला नाही. घरी येऊन मायला सांगितलं की सर ऐकत नाहीत. ती एवढंच म्हणाली, “जेव.” ती स्वतः भाकरीचा एक तुकडा हातात धरून बसून होती.

१ जुलै

कॉलेजात रुजू झालो.

१५ ऑगस्ट १९८३

जिल्ह्याचा पहिला वाढदिवस. पताका त्याच, थोड्या फिकट झालेल्या. ग्रंथाचं प्रकाशन झालं. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. वक्त्यांनी ‘जातं आणि विटाळ’चा उल्लेख खास केला. टाळ्या वाजल्या. माय आली नाही.

कार्यक्रम संपून लोक पांगत होते. मंडपाच्या कडेला सिंधु उभी होती, नवं लुगडं, सोबत मुलगी. जीपवाल्याकडून तिला कळलं होतं की पुस्तकात सासूचं नाव आलंय. खाडा करून आली होती.

“मास्तर, आत्याबाईचं काय लिवलंय? वाचून दावा की. मला येत न्हाई.”

मी पुस्तक उघडलं. तेच पान निघालं. धुरपताबाई माने, काळेवाडी. खाली ओलं फडकं, वाटी, ‘हाव, बाबा’. मायलेकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्या ओळींवर बोट ठेवलं आणि वाचायला लागलो:

“धुरपताबाई माने यांच्या घरातून सुपाने धान्य गेलं. त्यांच्या जात्यावर कुणाचंही दळण दळलं जाई. त्यांनी कधी कुणाला परकं मानलं नाही. दुष्काळात त्यांनी आपला घास आपल्या नातवंडांना दिला, आणि कुणाला कळू दिलं नाही.”

बोट मी ओळीओळीने सरकवत होतो. यातला एकही शब्द त्या पानावर नव्हता. इतकं बिनचूक मुद्रित मी जन्मात कधी वाचलं नाही.

सिंधु रडत होती. पदराने डोळे पुसून म्हणाली, “खरं लिवलंत, मास्तर. अगदी अशाच व्हत्या.” मग संकोचून विचारलं, “हे एक बुक मला मिळंल का? घरात ठिवीन.”

मला ‘नाही’ म्हणायला एकही कारण सापडलं नाही. लेखकाच्या प्रतींतली एक दिली. तिने ती कपाळाला लावली, पदरात गुंडाळली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

“ही तिसरीत हाय. जोडाक्षरं अडतेत अजून. यायला लागली की हीच वाचून दावील मला, रोज.”